खुबा बदलला, पुढचे सहा आठवडे कोणाचे?

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही विसाव्या शतकातील वैद्यकाने सामान्य माणसाला दिलेली मोठी देणगी आहे, याविषयी दुमत नाही. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका लेखाने तिला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले, त्यातही फारशी अतिशयोक्ती नव्हती. वाद आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या सहा ते बारा आठवड्यांविषयी. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा निर्धास्तपणे पाऊल टाकू लागेपर्यंतचा हा काळ कोणाच्या हिशेबात धरायचा? रुग्णालयाच्या वहीत तो नाही, विमा कंपनीच्या वहीत जेमतेम आहे, शासनाच्या आणि मालकाच्या वहीत तर त्याला रकानाच नाही. तो कुटुंबाच्या, म्हणजे बहुधा घरातील एखाद्या स्त्रीच्या, अंगावर टाकलेला आहे. आणि या काळात रुग्णाचे मन खचलेच, तर ‘मनाची उभारी ठेवा’ एवढा फुकटचा उपदेश त्याच्या पदरात पडतो.

या शस्त्रक्रियेचे आजचे रूप एका सार्वजनिक रुग्णालयात घडले, हे तिच्या जाहिराती करणाऱ्यांना ठाऊक असावे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन नावाचे रुग्णालय आहे. एके काळी ते क्षयरोग्यांचे होते. वेल्समधील खाणीत कोळसा खणून वर आलेले अन्यूरिन बेव्हन मजूर पक्षाच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्या सेवेच्या छत्राखाली याच रुग्णालयात जॉन चार्न्ली या अस्थिशल्यविशारदाने, टेफ्लॉनची वाटी काही वर्षांतच झिजते हे अनुभवाने कळल्यानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिइथिलीनची वाटी अशी जोडी प्रथम बसविली. शाळेच्या पुस्तकात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, त्याला नवी उखळ आणि नवे मुसळ मिळाले. रुग्णाच्या खिशात किती आहे, हा प्रश्न त्या रुग्णालयाच्या दारात विचारला जात नव्हता.

त्या काळी रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रुग्णालयातच राहत असे. आज त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात आणि तीन-चार दिवसांत घरी धाडतात. वैद्यकीय दृष्ट्या हे योग्यच आहे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, मांडीचे स्नायू ढिले पडतात. लवकर चालणारा माणूस लवकर बरा होतो, ही गोष्ट वादातीत आहे. परंतु वैद्याने घेतलेल्या या शहाणपणाच्या निर्णयाचा फायदा हिशेबनिसाने उचलला. वॉर्डातील परिचारिका जे काम करीत होती ते काम काही नाहीसे झाले नाही. जखमेतून पाणी येते का हे पाहणे, रक्त पातळ ठेवणारी औषधे चार-पाच आठवडे न चुकता देणे, रात्री दोनदा उठवून लघवीला नेणे, दिवसातून तीनदा व्यायाम करून घेणे, कुशीवर वळविताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवणे, पोटरी सुजली तर ती नेहमीची सूज की गुठळीची, अशी शंका वेळेवर घेणे, हे सारे तसेच उरले. फक्त ते करणारे हात बदलले आणि त्या हातांचे वेतन बंद झाले. रुग्णालयाच्या ताळेबंदात जी काटकसर दिसते ती वस्तुतः खर्चाचे स्थलांतर आहे, आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा फरक कळायला हवा.

आता हे काम ज्या घरात व्हायचे त्या घराकडे पाहावे. मांडीच्या मागील बाजूने छेद घेऊन सांधा बसविला असेल तर तेथील स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण भरून येईपर्यंत काही हालचाली वर्ज्य असतात. खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. हे तिन्ही एकदम घडले तर नवा गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. अलीकडे काही शल्यविशारद हे नियम सैल करू लागले आहेत आणि पुढील बाजूने छेद घेतल्यास त्यांची निकडही कमी असते. तरी घरी निघालेल्या अनेकांच्या हाती आजही हीच यादी पडते. ही यादी पलंग, उंच खुर्ची आणि कमोड असलेल्या घरासाठी लिहिलेली आहे. जेथे माणूस जमिनीवर झोपतो, पाटावर बसून जेवतो, मोरीत उकिडवा बसून अंघोळ करतो आणि शौचालाही उकिडवाच बसतो, तेथे या यादीचा अर्थ एवढाच होतो की सहा आठवडे त्याने आपले घर वापरू नये!

लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी साठीची विधवा डोळ्यांसमोर आणावी. गिरण्या गेल्या, नवऱ्याची नोकरी गेली, पुढे नवराही गेला. खोली तेवढी राहिली. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि ती, असे पाच जण एका खोलीत. शौचालय गॅलरीच्या टोकाला, सर्व बिऱ्हाडांना मिळून. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, हे सूत्र भौतिकोपचार करणाऱ्या मुलीने तिच्याकडून घोकून घेतलेले असते. पण चाळीच्या अरुंद लाकडी जिन्यावर वॉकरचे चार पाय टेकायला जागाच नसते. म्हणून एकदा वर नेलेली ही बाई टाके काढण्याच्या दिवसापर्यंत खाली येत नाही. कमोडची खुर्ची आणली तर ती ठेवायची कोठे? नातवंडे अभ्यासाला बसतात तेथे, पडद्याआड. मग ती काय करते? पाणी कमी पिते. रात्रीचे जेवण टाळते. वेदनाशामक गोळ्यांनी आधीच कोठा जड झालेला, त्यात ही उपासमार. लघवीला जळजळ सुरू होते, अंगात कणकण येते आणि तपासायला आलेला डॉक्टर विचारतो, ‘आजी, पाणी का पीत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर नगररचनेच्या इतिहासात आहे. ते तिने डॉक्टरला कसे सांगावे?

मनाच्या प्रश्नाकडे येथूनच वळले पाहिजे, कारण या दिवसांत मन खचते ते हवेत खचत नाही. पहिले दोन-तीन आठवडे झोप लागत नाही. जन्मभर कुशीवर झोपलेल्या माणसाला उताणे झोपावे लागते. भुलीच्या आणि वेदनाशामकांच्या औषधांनी डोके जड असते. जुन्या सांध्याची वेदना गेलेली असते, पण जखमेची वेदना नवी असते, आणि ‘चांगला पाय उगाच कापून घेतला’ असे वाटण्याचे क्षण येतात. दोन्ही पायांची लांबी सारखी नाही असा भास होतो. पुष्कळदा तो काही आठवड्यांत जातो, पण तो जाणार आहे हे कोणी सांगितलेले नसते. मांडी जरा कुठे ‘कट्’ वाजली की गोळा निसटला या भीतीने घाम फुटतो. कारण नसताना रडू येते. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांना वाढले, धुतले, उचलले, त्याला आता मोजे घालायलाही कोणाला तरी हाक मारावी लागते. परावलंबनाची ही लाज शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दुखते.

आणि यावर उपाय कोणता सांगितला जातो? सकारात्मक विचार. रुग्णालयाच्या चकचकीत पत्रकावर एक हसतमुख वृद्ध जोडपे टेकडी चढताना दाखविलेले असते. शेजारीण येऊन सांगते की अमकीच्या सासूबाई पंधराव्या दिवशी मंडईत गेल्या होत्या. समाजमाध्यमांवरून फिरणारी सुभाषिते दुःख हा वृत्तीचा दोष आहे असे बजावतात. जी व्यवस्था माणसाला तीन दिवसांत हात झटकून घरी पाठविते, तीच व्यवस्था त्याच्या खिन्नतेला त्याचा व्यक्तिगत दुबळेपणा ठरविते. कारखान्यात अपघात झाला की दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा, ही जी मालकांची जुनी युक्ती, तिचीच ही घरगुती आवृत्ती आहे. पडण्याची भीती ही ओल्या मोरीत आणि अंधाऱ्या गॅलरीत पूर्णपणे विवेकनिष्ठ भीती आहे. ती प्रवचनाने जात नाही. भिंतीला पक्की दांडी ठोकली, दिवा लावला आणि आठवड्यातून दोनदा कोणी जाणते माणूस शेजारी उभे राहून चालवू लागले, की ती हळूहळू ओसरते. उदासी त्यानंतरही हटली नाही, भूक आणि झोप परतली नाही, तर ते मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. पण ते ओळखणार कोण, जर दोन आठवड्यांनंतर टाके काढण्यापलीकडे कोणी त्या माणसाकडे पाहणारच नसेल?

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ज्याविषयी घरच्यांना बहुधा अवाक्षर सांगितलेले नसते. पडून खुबा मोडलेल्या आणि घाईने शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या काही दिवसांत भ्रम होऊ शकतो. तो वेळ-काळ विसरतो, मेलेल्या भावाला हाका मारतो, सलाइनची नळी उपटतो, रात्रभर बडबडतो आणि सकाळी शांत असतो. खेड्यात याला बाहेरची बाधा म्हणतात, शहरात ‘म्हाताऱ्याचे डोके गेले’ म्हणतात. वैद्यक त्याला चांगले ओळखते. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट, औषधांचा परिणाम, तुंबलेली लघवी, हरवलेला चष्मा, अशी त्याची साधी कारणे असतात. ती शोधली की तो बहुधा निवळतो. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कोणत्याही पॅकेजात धरलेली नसतात, म्हणून ती मिळत नाहीत.

खुबा बदलणे म्हणजे सुखवस्तू म्हातारपणाचे दुखणे, असाही एक गैरसमज प्रचलित आहे. या देशात पाश्चात्य देशांच्या मानाने कितीतरी तरुण माणसे या शस्त्रक्रियेला येतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते कुजते. स्टिरॉइडचा दीर्घ वापर, दारू, आणि विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी व दलित वस्त्यांत सिकलसेल, ही त्याची ठळक कारणे. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत स्टिरॉइडे सढळपणे वापरली गेल्यानंतरही अशा रुग्णांची नोंद झाली. गडचिरोलीतील एखाद्या तिशीच्या शेतमजूर स्त्रीचा सिकलसेलने खुबा गेला, शासकीय योजनेतून तो बदललाही, तरी तिने पुढे काय करावयाचे? शौचाला जायचे ते परसात किंवा बांधावर. पोट भरायचे ते भातलावणीवर, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून. वाकू नये, हा डॉक्टरचा सल्ला. वाकल्याखेरीज मजुरी नाही, हा गावाचा नियम. सहा आठवडे ती घरी बसली तर लावणीचा हंगाम निघून जातो, आणि हंगाम गेला की सावकार येतो. तिच्या बाबतीत ‘लवकर बरे होणे’ हा आरोग्याचा प्रश्न राहत नाही, तो थेट मजुरीचा प्रश्न होतो.

मजुरीचा प्रश्न कामगार चळवळीने कसा सोडविला याचे एक उदाहरण जर्मनीत आहे. तेथील पगारदार कारकुनाला आजारपणात सहा आठवडे पूर्ण वेतन मिळे, हाताने काम करणाऱ्याला मिळत नसे. या भेदाविरुद्ध श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील धातुकामगारांनी ऑक्टोबर १९५६ ते फेब्रुवारी १९५७ असा सोळा आठवड्यांचा संप लढविला. पूर्ण समता १ जानेवारी १९७० पासून कायद्याने आली. आज तेथे खुबा बदललेल्या कामगाराला सहा आठवड्यांचे वेतन मालकाकडून मिळते आणि रुग्णालयातून सुटल्यावर बहुधा दोन आठवड्यांच्या आत पुनर्वसन केंद्रात सुमारे तीन आठवड्यांचा उपचार सुरू होतो. त्याला खर्चाचा अल्प भाग तेवढा द्यावा लागतो. या देशातही १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के इतका आजारभत्ता देण्याचे तत्त्व आणले. तत्त्व उत्तम होते. परंतु दहांपैकी सुमारे नऊ श्रमिक असंघटित असताना हे छत्र किती डोक्यांवर आले? नाका कामगार, घरकामगार, फेरीवाला, ऊसतोड मजूर, यांच्यासाठी आजारपण म्हणजे बिनपगारी रजासुद्धा नसते. ती बेकारीच असते.

मग घर कोण चालविते? केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने आपल्या मोलकरणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण तेच काम ती आता पगाराविना करते. त्यांच्या उदाहरणाला शंभर वर्षे झाली, तरी हिशेबाची पद्धत तीच आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. या २८९ मिनिटांवर सासूचा किंवा नवऱ्याचा खुबा येऊन पडतो तेव्हा सून किंवा बायको आपले बाहेरचे काम सोडते. तिची बुडालेली मजुरी शस्त्रक्रियेच्या खर्चात कोणी मिळवीत नाही. शिवाय रुग्ण स्त्रीच असेल तर तिची शुश्रूषा करणारे दुसरे कोणी घरात नसतेच. दहाव्या दिवशी ती वॉकर भिंतीला टेकवून भाकऱ्या थापू लागते, आणि तिच्या ‘जिद्दीचे’ कौतुक होते!

येथे एकत्र कुटुंबाचा गौरव करणारे पुढे सरसावतात. पाश्चात्यांना पुनर्वसन केंद्रे लागतात, आमच्याकडे कुटुंब आहे, असे ते म्हणतात. कुटुंबातील माया खरी आहे, तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु मायेला भौतिकोपचार येत नाही, आणि दोन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या मुलाच्या मायेला दुपारी बारा वाजता आईला मोरीत नेता येत नाही. कुटुंबाच्या गौरवाचे हे गाणे बहुधा ते लोक गातात ज्यांच्या घरी दिवसपाळीची आणि रात्रपाळीची अशा दोन पगारी आया असतात.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली गेली. खुब्याच्या सांध्याला तेव्हा त्यातून वगळले, हे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि खुबा बदलणे तिच्यात बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचे दार उघडण्यात आले. पण या योजनेची रचनाच अशी की तिची नजर रुग्णालयाच्या फाटकावर संपते. सुटकेनंतरचे पंधरा दिवस तिने धरले आहेत. हाड आणि स्नायू भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे शरीरशास्त्र मंत्रालयाच्या परिपत्रकाने बदलत नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांपासून खाली भौतिकोपचाराची तरतूद आहे. परंतु तालुक्यापासून वीस कोसांवरच्या पाड्यातील माणसाने वॉकर घेऊन एसटीची पायरी कशी चढावी? २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा दीर्घकालीन अपंगत्वाची भाषा बोलतो; तीन महिन्यांच्या अपंगाला त्यात स्थान नाही. थोडक्यात, धातूच्या गोळ्याला अनुदान आहे, तो बसविलेल्या माणसाला नाही. खाजगी रुग्णालयांना हीच विभागणी सोयीची असते, कारण पैसा गोळा बसविण्यात आहे, चालवायला शिकविण्यात नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न नेहमीप्रमाणे विचारला जाईल. ज्या कामासाठी पैसा लागतो ते काम आजही होतेच आहे आणि त्याची किंमत आजही दिली जाते. ती सुनेच्या बुडालेल्या मजुरीतून, सावकाराच्या व्याजातून आणि निसटलेला सांधा पुन्हा बसविण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतून दिली जाते. इंग्लंडमध्ये रुग्णालयातून सुटलेल्याला गरजेनुसार सहा आठवड्यांपर्यंत घरच्या घरी मदत विनामूल्य देण्याची तरतूद आहे. तेवढे आज येथे जमत नसेल तर सुरुवात साध्या गोष्टींपासून करता येईल. शस्त्रक्रियेच्या पॅकेजातच बारा आठवड्यांचा भौतिकोपचार बांधून टाकावा आणि त्याची रक्कम ते उपचार झाल्यावरच रुग्णालयाला द्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी तरी रुग्णाचे घर, निदान त्याचे शौचालय, पाहून यावे. असंघटित श्रमिकाला सहा आठवड्यांचा भरपाईभत्ता मिळावा आणि शुश्रूषेसाठी काम सोडणाऱ्या व्यक्तीलाही मिळावा. घरोघर जाऊन चौकशी करण्याचे काम आशाताईंवर टाकायचे असेल तर आधी त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणण्याचे ढोंग सोडून रीतसर वेतन द्यावे. एका स्त्रीचे फुकट श्रम वाचविण्यासाठी दुसऱ्या स्त्रीचे स्वस्त श्रम वापरणे हा काही समाजवाद नव्हे.

वॉकर, कमोडची खुर्ची, उंच पलंग या वस्तू महाराष्ट्रातील कितीतरी गावांत सार्वजनिक संस्था आणि गणेश मंडळे नाममात्र भाड्याने देतात. त्यांच्याविषयी आदरच आहे. पण मंडळाच्या कार्यकर्त्याची ओळख असेल तर वॉकर, नसेल तर भिंत, ही स्थिती चालू ठेवता येणार नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा साहित्याचे भांडार असावे आणि सुटकेच्या कागदाबरोबर त्याची चिठ्ठी मिळावी. त्याच कागदावर एक दूरध्वनी क्रमांक असावा, जो रात्री दोन वाजता उचलला जाईल: पोटरी एकाएकी सुजली, दम लागला, जखम वाहू लागली, पाय आखूड होऊन आत वळला, किंवा आजी कोणाला ओळखेनाशी झाली, तर विचारायला. आणि चाळींच्या, वस्त्यांच्या सामाईक शौचालयांत प्रत्येक मजल्यावर किंवा प्रत्येक गाळ्यात एक तरी बसण्याचे भांडे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दांड्या असाव्यात. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. वॉर्डाच्या दुरुस्ती निधीत बसणारे हे काम आहे.